शनिवारची रात्र कोणाची?

समजा, साल १९९५ आहे आणि तुम्ही शिकागोत नोकरी करता. कामासाठी सोमवारी डॅलसला जायचंय, गुरुवारी परत यायचंय. जाऊन-येऊन तिकीट हजार डॉलर. त्याच विमानातली तशीच सीट तीनशेलाही मिळते, पण एका अटीवर : शनिवारची रात्र डॅलसमध्ये काढायची. हे आकडे मी सोयीसाठी घेतलेत, पण अट खरी होती, आणि भाड्यातली मोठी तफावतही.

विमान कंपनीला तुमच्या शनिवारशी काय देणंघेणं? काहीच नाही. तिला एवढंच हेरायचंय की तुम्ही स्वतःच्या पैशाने फिरायला निघालाय की ऑफिसच्या पैशाने कामाला. तोंडावर विचारलं तर खरं कोण सांगेल? म्हणून ही अट. फिरायला गेलेला माणूस शनिवार-रविवार तिथेच असतो. कामाला गेलेल्याला शुक्रवारपर्यंत घर गाठायचं असतं. ही घराची ओढ हीच त्याची ओळख, आणि सातशे डॉलर जास्तीचे त्या ओढीचे.

याची सुरुवात १९७८ मध्ये झाली. अमेरिकेत विमानभाड्यांवरचं सरकारी नियंत्रण उठवणारा कायदा झाला आणि स्वस्तात उडवणाऱ्या नव्या कंपन्या आल्या. पीपल एक्सप्रेस त्यांतली गाजलेली. जानेवारी १९८५ मध्ये अमेरिकन एअरलाइन्सने तिच्या तोडीचं स्वस्त भाडं काढलं, पण सरसकट सगळ्यांसाठी नाही. जो आधी बुक करेल, अटी पाळेल, त्यालाच. कुठल्या विमानात किती सीटा स्वस्तात सोडायच्या याचा हिशोब कंप्युटर मांडू लागला. पीपल एक्सप्रेस पुढे दोनेक वर्षांत संपली.

इथे दोन गोष्टी एकमेकींत मिसळल्यात, त्या वेगळ्या करून बघू. आदल्या दिवशी तिकीट हवं, वाटेल तेव्हा बदलता यावं, रद्द केलं तर पैसे परत मिळावेत, या सोयीला खरा खर्च आहे. तुमच्यासाठी राखलेली सीट रिकामी उडाली, तर ती उद्या पुन्हा विकता येत नाही. त्याचे जास्त पैसे घेणं मला रास्त वाटतं. शनिवारची अट मात्र खर्चातून आलेली नाही. ती निव्वळ चाळणी आहे.

ही चाळणी जुनी आहे. ज्यूल द्युप्युई या फ्रेंच इंजिनियरने १८४९ मध्येच रेल्वेबद्दल हे लिहून ठेवलंय. तिसऱ्या वर्गाच्या डब्यांना छप्पर नसे. छपराचे पैसे वाचवणं हा त्यामागचा हेतू नव्हता. ज्याला दुसऱ्या वर्गाचं तिकीट परवडतं त्याने तिसऱ्यात बसू नये, म्हणून तिसरा वर्ग मुद्दाम त्रासाचा ठेवलेला.

अर्थात, दुसरी बाजूही आहे. ऑफिसवाल्यांच्या हजार डॉलरवर विमानं चालली, म्हणून उरलेल्या सीटा तीनशेला विकता आल्या. सुट्टीत घरी जाणारा एखादा विद्यार्थी त्यातूनच उडाला. चाळणीमुळे कुणाचं तरी भलंही झालं.

प्रवाशांनी यावर तोड काढली. लागोपाठ दोन आठवडे डॅलसला जायचंय? मग दोन स्वस्त तिकिटं घ्यायची. पहिलं शिकागोहून या सोमवारी निघणारं, परत येणारं थेट पुढच्या आठवड्यातल्या गुरुवारी. दुसरं डॅलसहून या गुरुवारी निघणारं, पुढच्या सोमवारी डॅलसला परतणारं. दोन्ही तिकिटांत शनिवार येतो, चारही प्रवास होतात, एकही सीट वाया जात नाही. आणि शनिवारी तुम्ही आपल्या घरी! दोन हजारांचं काम सहाशेत.

ही फसवणूक का? कंपन्या म्हणायच्या, आमच्या नियमांत हे बसत नाही. मला यात खोटं बोलणं दिसत नाही. नियमाचा शब्द पाळून त्याचा हेतू चुकवलाय, एवढंच. पण एक गोष्ट खटकते. हे उघडकीला आलं की भाड्यातल्या फरकाचं बिल बऱ्याचदा तिकीट काढून देणाऱ्या ट्रॅव्हल एजंटच्या नावाने निघायचं. युक्ती प्रवाशाची, भुर्दंड एजंटला.

काही ऑफिसांनी याहून सरळ वाट धरली. माणसालाच सांगितलं, शनिवारी थांब. हॉटेलचं आणि जेवणाचं बिल आम्ही देतो. तरीही बरेच डॉलर वाचायचे. कागदावर बघितलं तर कुणाचंच नुकसान नाही. पण ती शनिवारची रात्र ऑफिसची कधी होती? ऑफिसने दुसऱ्याच्या खिशातली वस्तू खर्च केली आणि बचत आपल्या खात्यावर मांडली.

ती अट आता बरीचशी गेलीय. स्वस्त कंपन्या एकेरी तिकिटं विकू लागल्यावर तिला अर्थ उरला नाही. तारीख बदलायची सोय हवी तर ‘फ्लेक्सी’ भाडं निवडा, असं आता ॲप सरळ विचारतं. ते त्यातल्या त्यात प्रामाणिक आहे.

दुसऱ्याचा वेळ खर्चून केलेली बचत मात्र गेलेली नाही. मागे मी पुण्यातल्या एका ऑफिसात टीमची तिकिटं मंजूर करायचो. एका सहकारी मुलीला चेन्नईला जायचं होतं. पुण्याहून दुपारचं विमान होतं, मुंबईहून सकाळी सहाचं. मुंबईचं तिकीट कॅबचं भाडं धरूनही दोन हजारांनी स्वस्त पडत होतं. मी तेच मंजूर केलं. ती रात्री पाऊण वाजता घरातून निघाली आणि सकाळी साडेदहाला क्लायंटसमोर उभी राहिली. मंजुरीच्या मेलला तिचं उत्तर होतं, ‘ओके सर.’

तेव्हा मला ती बचतच वाटली होती. तिची झोप त्या हिशोबात कुठल्याच रकान्यात नव्हती. स्वस्त पर्याय निवडू नये, असं माझं म्हणणं नाही. निवडण्याआधी एवढंच बघावं, की जे खर्ची पडतंय ते आपलं आहे का. आपलं नसेल, तर ज्याचं आहे त्याला विचारावं. आणि त्याला ‘नाही’ म्हणता येईल, अशा रीतीने विचारावं.

मी तिला विचारलं नव्हतं. फक्त कळवलं होतं.