थेंबाची वाट

सावकाश चला.

नोव्हेंबरची सकाळ आहे. बस्तरच्या कांगेर खोऱ्यात सालाची पानं दवानं जड झाली आहेत. पाऊस जाऊन फार दिवस झालेले नाहीत. पाऊल टेकलं की माती दबते, उचललं की हळूच वर येते.

चार पावलं फक्त तेवढंच ऐका.

पुढे तीरथगडचा धबधबा आहे. तो दिसायच्या आधी ऐकू येतो, आणि नीट ऐकू यायच्याही आधी अंगाला कळतो. हातावरची लव ओलसर होते. ओठांना गार लागतं.

थांबा. हा गारवा आत घ्या. सोडा.

आता पायऱ्या उतरा. समोर सुमारे 300 फुटांचा कडा आहे. पाणी एका झेपेत खाली येत नाही. कातळाच्या एका पायरीवरून दुसऱ्या पायरीवर येतं, दर पायरीवर पसरतं, विंचरल्यासारख्या त्याच्या बटा होतात.

सगळा धबधबा पाहायचा नाही. एवढं मोठं काही डोळ्यांत मावत नाही, आणि मावल्यासारखं वाटलं तर आपण काहीच पाहिलेलं नसतं.

एक धार निवडा.

त्या धारेतून सुटणारा एक थेंब निवडा. नजरेनं त्याच्याबरोबर खाली या.

हरवला? हरवू द्या. पुन्हा वर जा. पुन्हा एक निवडा.

या पाण्याचं नाव मुनगाबहार. मुनगा म्हणजे आपला शेवगा. पुढे ते कांगेर नदीत जातं, कांगेर कोलाबला मिळते, कोलाबला खाली शबरी म्हणतात, आणि शबरी गोदावरीत उतरते. त्र्यंबकला आपण ओंजळीत धरतो ते पाणी आणि हे समोरचं पाणी, दोघांचं पात्र पुढे एकच.

ओंजळ करा. नुसतीच, रिकामी. थोडा वेळ तशीच राहू द्या.

या जंगलावर पडणारा सगळाच पाऊस मात्र नदीच्या वाटेनं जात नाही. काही थेंब पानांवरून मातीत मुरतात, मातीखालच्या चुनखडकात शिरतात.

आपल्याला त्यांच्या मागे जायचं आहे.

---

जंगलात जमिनीला एक चिंचोळी फट आहे. ही कोटमसरची गुहा. पावसाळ्यात इथे कुणाला सोडत नाहीत. त्या महिन्यांत आत पाणी शिरतं, वाटा बुडतात, आणि आपण जिथे पाय ठेवणार तिथून प्रवाह वाहतो.

आता तो ओसरला आहे. गाळ राहिला आहे. डबकी राहिली आहेत.

अंग चोरून उतरा. खांदा दगडाला लागेल. लागू द्या.

सोबत गावातला वाटाड्या आहे, हातात दिवा घेऊन. तो हलबीत काही सांगतो. हलबीत मराठीची सावली आहे. अर्धं वाक्य कळतं, अर्धं निसटतं. निसटलेल्याच्या मागे धावू नका.

हवा बदलली, जाणवतंय? बाहेर थंडी होती. इथे ऊब आहे, दमट, भरलेली. आत वर्षभर साधारण 28 अंश असतात. वैशाख असो की पौष, गुहेला ते ठाऊक नाही.

श्वास घ्या. ओल्या दगडाचा वास येतो. सोडा.

डॉ. शंकर तिवारी 1950च्या दशकात या फटीतून उतरले आणि त्यांनी ही गुहा अभ्यासली. तेव्हा आत पायऱ्या नव्हत्या. इथल्या भिंतींवर लांब मिशांचा एक रातकिडा असतो. शास्त्रज्ञांनी त्याला केम्पिओला शंकरी हे नाव दिलं, तिवारींची आठवण म्हणून. एखाद्या शोधकाची आठवण अंधारात जिवंत राहावी, चालती-फिरती राहावी, हे मला फार सुंदर वाटतं.

आता वर पाहा.

छतातून दगडाचं एक बोट लोंबतंय. त्याच्या टोकाला थेंब आहे.

तो पडत नाही अजून. भरतो आहे. खालून गोल, वरून निमुळता. दिव्याचा उजेड त्यात उलटा दिसतो.

त्याच्याकडे पाहत राहा.

हवेतला आणि मातीतला कर्बवायू पोटात घेऊन तो आला आहे. त्यामुळे त्याला किंचित आंबटपणा आला, आणि वाटेतला चुनखडक विरघळवत तो इथवर झिरपला. या पोकळीत येताच तो वायू सोडतो, आणि विरघळलेला चुना थोडासा इथेच ठेवतो. इतका थोडा की डोळ्यांना दिसणार नाही.

छतातलं बोट तेवढंच वाढतं.

हात लावू नका. बोटांचा तेलकटपणा दगडावर बसला की पुढचा थर तिथे नीट धरत नाही. कौतुकानं सहज लावलेला हात मी पाहतो, आणि दर वेळी पोटात तुटतं.

नुसतं पाहा.

पडला.

टप्.

दुसरा भरतो आहे.

---

आता खाली, पायाशी पाहा. एक डबकं आहे. पाणी इतकं निवळ की ते आहे हे आधी कळत नाही.

वाका. सावली पडू देऊ नका.

बोटाच्या दोन पेरांएवढा एक मासा आहे. फिकट, मेणासारखा. तोंडाशी बारीक मिशा. डोळ्यांच्या जागी पाहा. कुणाचे डोळे टाचणीच्या टोकाएवढे उरलेत, कुणाचे दिसतही नाहीत.

फ्रान्सिस डे यांनी 1872 मध्ये पुण्याच्या एका लहानशा माशाचं वर्णन करून ठेवलं. सह्याद्रीच्या ओढ्यांत गोट्यांखाली राहणारा, अंगावर गडद पट्टे असलेला, डोळस. गुहेतल्या या माशाला अभ्यासक त्याच जातीचा म्हणून ओळखत आले.

लहानपणी ओढ्यात पाय सोडून बसलो की पोटरीला काहीतरी चाटून जायचं. ते आठवतं?

तोच हा. किंवा त्याचा फार दूर आलेला भाऊबंद.

त्यानं रंग सोडला. डोळे सोडत चालला आहे. मिशांनी तो तळ चाचपतो, थांबतो, पुन्हा चाचपतो. त्याच्या हालचालीत कुठेही चाचरणं नाही.

पाहा, तो वर येतो आहे. पाण्याच्या पृष्ठभागाशी तोंड लावतो, हवेचा एक घोट गिळतो, आणि खाली जातो.

थांबा. तो परत येईल.

तोवर वाटाड्याला हळूच विचारा, ‘दादा, थोडा वेळ दिवा मालवता का?’

अंधार.

डोळे उघडे ठेवा किंवा मिटा. फरक नाही. हात चेहऱ्यासमोर धरा. नाही दिसत.

भीती वाटली तर वाटू द्या. तिलाही इथे बसायला जागा आहे.

आता कान.

दूर एक थेंब. टप्.

जवळ एक. टप्.

मधे काही नाही. त्या मधल्या जागेत थांबा. पुढचा केव्हा पडेल याचा अंदाज बांधू नका. वाट पाहा, मोजू नका.

टप्.

श्वास आत येतो. जातो. छातीत ठोके ऐकू येतात. बाहेर तीरथगडचा धबधबा कोसळतो आहे, तो इथे पोहोचत नाही.

पायाशी, त्या डबक्यात, कुणीतरी वर येतं आहे. दिसणार नाही. ऐकू येईलच असंही नाही.

हवेचा एक घोट घ्या.

तो खाली गेला असेल.

दिवा अजून लावू नका.