वस्तूचा धनी

प्रभाकर बरवे (१९३६–१९९५) यांच्या चित्रांत घड्याळ असतं, पण वेळ पाहणारं कुणी नसतं. पान असतं, झाड नसतं. फळ, शिंपला, घड्याळ अशा घरातल्या, परसातल्या वस्तू मोठ्या सपाट अवकाशात एकमेकींपासून अंतर राखून असतात. कॅनव्हासवर ते एनॅमल वापरत, दारं-खिडक्यांना लावतात तोच तकतकीत रंग. त्यात चित्रकाराचा हातही फारसा दिसत नाही.

याला अमूर्त म्हणावं का? वस्तू तर लगेच ओळखू येते. माझ्या मते इथे वस्तूचा आकार अमूर्त झालेला नाही, तिचा वापर झाला आहे. ती कुणाची, कुणी घासली, कुणी मोडली, हे सगळं बाहेर ठेवलं आहे. आणि इथेच मी अडते. वस्तूला तिच्या धन्यापासून सोडवणं हा तिचा सन्मान, की त्या माणसाकडे केलेला काणाडोळा?

त्याच काळात बडोद्यात भूपेन खख्खर यांनीही घड्याळं रंगवली. १९७२ सालचं त्यांचं ‘जनता वॉच रिपेअरिंग’ पाहा. तिथे दुकान आहे, पाटी आहे, दुरुस्तीला बसलेला माणूस आहे. त्या घड्याळांवर कुणाचं तरी पोट चालतं. दोन्ही चित्रकार शेजारी ठेवले की खख्खर माणसांचे आणि बरवे वस्तूंचे, एक उबदार आणि दुसरा थंड, असा निवाडा करायचा मोह होतो. मला तो निवाडा उथळ वाटतो.

कारण बरवे १९६१ पासून वीसेक वर्षं विणकर सेवा केंद्रात नोकरीला होते. त्यातली सुरुवातीची वर्षं बनारसला. बनारसी कापडावर पान उतरवायचं तर नक्शाबंदाला ते आधी उभ्या-आडव्या धाग्यांच्या हिशेबात बसवावं लागतं : किती उचलायचे, किती सोडायचे. पानाची वळणं बारीक पायऱ्यांची होतात. पान झाडापासून सुटतं, पण ते सुटतं मजुरी घेणाऱ्या हातांतून. तेव्हा वस्तूतून तिचा संदर्भ काढून घेणं ही काही रिकाम्या वेळेची चैनच असते असं नाही. आपल्या कारागिरांचं ते रोजचं काम आहे. (बरव्यांचं ‘कोरा कॅनव्हास’ वाचतानाही मला ते तत्त्वज्ञापेक्षा हत्यारांची माहिती असलेल्या माणसाचं पुस्तक वाटतं.)

तरीही प्रश्न मिटत नाही, आणि तो माझ्यापुढे चित्रांतून नाही, माझ्या कामातून येतो. भाषांतरात आम्ही रोज असंच करतो. समोरच्या भाषेत नेमका शब्द सापडला नाही की एक पायरी वर चढायचं : तांब्याचं ‘भांडं’ करायचं, घोंगडीचं ‘पांघरूण’. वाक्य सुरळीत होतं, वाचक अडखळत नाही. एका दलित आत्मकथनाचं हिंदी करत होते. त्यात चहाच्या टपरीबाहेर, खिळ्याला अडकवून ठेवलेला वेगळा कप होता. कानतुटका. पिऊन झालं की ज्याचा त्याने विसळायचा. मजकूर तपासणाऱ्याने सुचवलं, ‘अलग बर्तन’ लिहा, अर्थ पोचतो. अर्थ पोचत होता हे खरंच. पण तुटलेला कान गेला, खिळा गेला, आणि तो खिळा ठोकणारा हातही गेला. मी कप ठेवला, कानासकट. ‘बर्तन’ शब्दात अन्याय फक्त कळतो; त्या कपाला तो चिकटलेला होता.

अशा कपाकडे निव्वळ आकार म्हणून पाहणं कुणाला परवडतं? ज्याच्यासाठी तो कधी बाहेर टांगलेला नव्हता, त्याला. हे उत्तर मला टाळता येत नाही. पण त्याच्या उलट बाजूही दिसते. जी वस्तू आयुष्यभर कुणाची तरी म्हणूनच ओळखली गेली, वरच्यांची, खालच्यांची, शिवायची, न शिवायची, ती एकदा तरी कुणाचीच नसलेली पाहावी, ही इच्छा त्या कपातून चहा प्यायलेल्या माणसाची का असू नये? त्याने कायम आपल्या जखमेचाच पुरावा पाहत राहावा, अशी अपेक्षा ठेवणं हाही एक प्रकारचा माज झाला.

त्या आत्मकथनाचा लेखक बरव्यांच्या चित्रासमोर उभा आहे अशी मी कधी कधी कल्पना करते. तिथे कुठलीच वस्तू दुसरीला शिवत नाही. ते अंतर त्याला मोकळीक वाटेल, की ओळखीचं वाटेल?