अ‍ॅल ग्रीन आणि स्वराच्या पावित्र्याचा प्रश्न

ईश्वराची स्तुती आणि प्रेयसीची आळवणी एकाच स्वरात करावी का, हा प्रश्न अमेरिकेतील कृष्णवर्णीय ख्रिस्ती समाजाला विसाव्या शतकात सतत छळत राहिला; कारण गॉस्पेल म्हणजे चर्चमधील भक्तिगीत आणि त्याच गायकीत लौकिक प्रेम गाणारे सोल संगीत, यांच्यातील भेद बव्हंशी शब्दांपुरताच असतो. आर्कान्सा राज्यात १९४६ मध्ये जन्मलेल्या सोल गायक अ‍ॅल ग्रीन यांच्यासाठी हा वाद केवळ तात्त्विक नव्हता. लौकिक गीते गाणाऱ्या जॅकी विल्सन यांची गाणी ऐकतात म्हणून धर्मनिष्ठ वडिलांनी त्यांना किशोरवयातच घराबाहेर काढले होते. पुढे मेम्फिसमध्ये निर्माते विली मिचेल यांच्या मार्गदर्शनाखाली त्यांनी कुजबुजीइतका मृदू आवाज कमावला आणि कीर्ती मिळवली; पण १९७६ मध्ये त्यांनी त्याच शहरात एक चर्च विकत घेतले व ते धर्मोपदेशक झाले. १९७७ च्या ‘बेल’ या गीतात ते प्रेयसीला सांगतात की ओढ तिची असली तरी गरज ईश्वराची आहे, आणि हा निरोपही, गंमत अशी की, प्रणयाच्याच लकबीत गायलेला आहे. १९७९ मध्ये मंचावरून पडल्यावर ती दैवी ताकीद मानून त्यांनी काही वर्षे मुख्यतः भक्तिगीतेच गायली. गीताच्या आशयाहून गायनानेच अधिक हेलावून जाणे हे संत ऑगस्टीन यांनी ‘कन्फेशन्स’मध्ये पाप ठरवले होते; पण ग्रीन यांना ही कसोटी लावता येत नाही, कारण त्यांच्या गाण्यात आशय बदलला तरी स्वर तोच राहिला. कालांतराने ते लौकिक गीतांकडे परतले, परंतु चर्चमधील प्रवचने त्यांनी सोडली नाहीत.