मृगातला मेघ आणि कार्यकारणाचा वाद

कार्य हे त्याच्या कारणात आधीपासूनच असते की ते नव्याने उत्पन्न होते, हा भारतीय दर्शनांतील सर्वांत जुन्या आणि सर्वांत चिवट वादांपैकी एक वाद आहे. सांख्यांचा पक्ष असा की जे मुळीच नाही ते कोणत्याही खटपटीने अस्तित्वात आणता येत नाही; तिळात तेल असते म्हणून तीळ घाण्यात घालतात, वाळू घालत नाहीत, आणि म्हणून उत्पत्ती म्हणजे अव्यक्ताचे व्यक्त होणे, एवढेच. या मताला सत्कार्यवाद म्हणतात. न्याय आणि वैशेषिक दर्शनांचे म्हणणे याच्या उलट आहे: घट मातीत आधीच असता तर कुंभाराची गरज उरली नसती आणि मातीच्या गोळ्यातच पाणी भरता आले असते, त्यामुळे घट ही नवी वस्तू असून उत्पत्तीपूर्वी तिचा अभाव, म्हणजेच प्रागभाव, मानला पाहिजे. हा असत्कार्यवाद होय. या वादातील दृष्टान्त तीळ, दूध, सूत, माती असे घरातले आणि परसातले आहेत, आणि दोन्ही पक्ष आपापला दृष्टान्त हुशारीने निवडतात, म्हणून दोघांचेही म्हणणे तेवढ्यापुरते पटते. ज्या दृष्टान्तात दोघांचीही अडचण होते असा एक दृष्टान्त आकाशात आहे, आणि तो पाहण्यासाठी दुर्बिणीचीही फारशी गरज लागत नाही.

पुण्याच्या नैर्ऋत्येला, तोरण्याच्या पायथ्याशी असलेल्या वेल्हे गावाच्या परिसरात माघातील निरभ्र आणि चंद्र नसलेल्या रात्री नऊ-दहाच्या सुमारास मृग नक्षत्र दक्षिणेला, क्षितिजापासून सुमारे ६६ अंशांवर चढलेले असते आणि मध्यरात्रीनंतर ते तोरण्याच्या अंगाला कलू लागते. चार पायांच्या चार ताऱ्यांमध्ये एका रेषेत असलेले तीन तारे म्हणजे व्याधाने मृगाच्या पोटात मारलेला त्रिकांड बाण. रोहिणीच्या मागे लागलेल्या प्रजापतीची ही कथा ब्राह्मणग्रंथांत आली असून लोकमान्य टिळकांनी १८९३ मध्ये ‘ओरायन’ या ग्रंथात याच नक्षत्राच्या आधारे वेदांचा काळ ठरवण्याचा प्रयत्न केला होता. बाणाच्या खाली तीन अंधुक ठिपके लोंबल्यासारखे दिसतात. त्यांपैकी मधला ठिपका नीट पाहिला तर ताऱ्यासारखा टोकदार दिसत नाही. काचेवर श्वास सोडल्यावर जसा डाग उमटतो तसा तो पुसट आणि पसरट असतो. तो तारा नसून मृगातील तेजोमेघ आहे. पृथ्वीपासून सुमारे १३५० प्रकाशवर्षे दूर असलेल्या या मेघातून आज डोळ्यांत शिरणारा प्रकाश बदामीच्या चालुक्यांच्या काळात तेथून निघालेला आहे. लहान दुर्बिणीतून या डागाच्या मध्यभागी चार ताऱ्यांचा एक चिमुकला चौकोन दिसतो, आणि त्यांतील सर्वांत तेजस्वी ताऱ्याचे वस्तुमान सूर्याच्या तीसपटींहून अधिक आहे. सगळा मेघ उजळतो तो मुख्यतः त्या एकट्याच्या प्रकाशाने. सूर्याच्या आठपटींहून अधिक वस्तुमानाच्या अशा ताऱ्याला येथे महातारा म्हटले आहे. म्हातारपणी फुगून प्रचंड झालेल्या ताऱ्यांना राक्षसी तारे म्हणतात, त्यांच्याशी महाताऱ्याची गल्लत होऊ नये, कारण महातारा जन्मतःच जड असतो.

तारे ज्या वायूपासून बनतात तो मुख्यतः हायड्रोजनच्या रेणूंचा असतो, त्यात वस्तुमानाने सुमारे एक टक्का धूळ मिसळलेली असते आणि त्याचे तापमान शून्याखाली सुमारे २६० अंश सेल्सिअस असते. पृथ्वीवरील हवेच्या एका घनसेंटिमीटरमध्ये सुमारे अडीच लाख कोटी कोटी रेणू असतात, तर या मेघाच्या दाट म्हटल्या जाणाऱ्या गाभ्यात तेवढ्याच जागेत लाखभर रेणू सापडले तरी पुष्कळ. पावसाळ्यात तोरण्याच्या माचीवर जो मेघ उतरतो त्याच्याशी याचे साम्य केवळ नावापुरते आहे. तरीही हा विरळ मेघ इतका विस्तीर्ण असतो की स्वतःच्या वजनाने तो कोसळू शकतो. वायूचा दाब बाहेर ढकलतो आणि गुरुत्वाकर्षण आत ओढते, या दोहोंमध्ये ठरावीक वस्तुमानाच्या पलीकडे गुरुत्वाकर्षणाचा विजय होतो, हे जेम्स जीन्स यांनी १९०२ मध्ये गणिताने दाखवले. मेघ जितका थंड आणि दाट, तितके हे वस्तुमान कमी. कोसळताना गाभा तापतो, त्याचा आदितारा होतो, आणि केंद्रातील तापमान पुरेसे वाढले की हायड्रोजनचे ज्वलन म्हणजे अणुकेंद्रांचे मीलन सुरू होते. येथपर्यंत सांख्यांना काहीच अडचण नाही. मेघात जे होते तेच दाटले आणि प्रकटले, असे म्हणता येते, आणि सूर्यासारख्या ताऱ्यापुरते हे वर्णन बऱ्यापैकी पुरेसेही आहे, कारण सूर्याएवढ्या ताऱ्याला आकुंचन पावून ज्वलनापर्यंत पोहोचायला काही कोटी वर्षे लागतात आणि तोपर्यंत त्याच्यावर मेघातून वायू पडणे केव्हाच थांबलेले असते.

महाताऱ्याच्या बाबतीत मात्र हा क्रम उलटतो. त्याचे आकुंचन अवघ्या काही हजार ते लाखभर वर्षांत आटोपते, म्हणजे त्याच्यावर वायू पडतच असतो आणि तो वाढतच असतो तेव्हाच त्याच्या पोटात ज्वलन सुरू झालेले असते. जन्म पूर्ण होण्याआधीच त्याचे आयुष्य सुरू होते. ताऱ्याचे तेज वस्तुमानापेक्षा कितीतरी वेगाने वाढत जाते, त्यामुळे सूर्याच्या वीसपट जड तारा सूर्याच्या हजारो पटींनी प्रकाश टाकतो. प्रकाशालाही दाब असतो. हा प्रकाश भोवतालच्या धुळीच्या कणांवर आदळतो, धूळ वायूला सोबत घेऊन बाहेर रेटली जाते, आणि ज्या वायूने तारा पोसला जायचा तोच वायू त्याच्या प्रकाशाने मागे हटू लागतो. १९७४ मध्ये एफ. डी. कान यांनी हा हिशेब मांडला तेव्हा सूर्याच्या सुमारे चाळीसपटींच्या पुढे तारा वाढूच नये असा निष्कर्ष निघत होता. प्रत्यक्षात शंभरपटींहून जड तारेही आकाशात आहेत. गणिताने जे होऊ नये असे सांगितले ते डोळ्यांसमोर होते, आणि पुढील तीन दशके या विषयातील बरेचसे संशोधन या विसंगतीभोवती फिरत राहिले.

या ठिकाणी नैयायिकांचा एक जुना विचार कामाला येतो, जो दर्शनशास्त्राच्या पुस्तकांत सहसा कोपऱ्यात पडलेला असतो. अग्नी जाळतो, पण चंद्रकान्त मणी जवळ ठेवला तर तोच अग्नी जाळत नाही, असा तत्कालीन समज होता. त्यावरून मीमांसकांनी असे प्रतिपादले की अग्नीत दाहशक्ती नावाचा वेगळा पदार्थ असून मण्याने ती नष्ट होते. नैयायिकांना असली अदृश्य शक्ती मानायची नव्हती. मणी हा प्रतिबंधक, म्हणजे कार्याला अडवणारा; म्हणून अग्नी आणि इंधन यांच्या जोडीला प्रतिबंधकाचा अभाव हेही दाहाचे एक कारण मानावे, असे उत्तर त्यांनी दिले. मण्याची गोष्ट खोटी असली तरी उत्तर खोटे ठरत नाही. महाताऱ्याच्या उत्पत्तीत वायू आहे, गुरुत्वाकर्षण आहे, आणि प्रतिबंधकही आहे. फक्त येथे मणी बाहेरून आणून ठेवलेला नाही, ज्याची उत्पत्ती व्हायची ते कार्यच स्वतःच्या उत्पत्तीचे प्रतिबंधक होऊन बसले आहे. कार्य अर्धे निपजल्यावर उरलेल्या अर्ध्याला अडवू लागते, ही शक्यता नैयायिकांनी विचारात घेतलेली दिसत नाही, आणि सांख्यांच्या तिळातही ती नाही, कारण निघालेले तेल मागच्या तेलाची वाट अडवत नाही.

प्रतिबंधक दूर कसा होतो, याचे उत्तर वायूच्या फिरण्यात सापडले. मेघाचा कोणताही तुकडा थोडा तरी फिरत असतो आणि आकसताना तो अधिक वेगाने फिरू लागतो, त्यामुळे वायू सरळ केंद्रावर न पडता ताऱ्याभोवती चपट्या चकतीच्या रूपात जमतो. एरवी हे फिरणे कोसळण्याच्या आड येणारे असते. पण चकतीमुळे वायू विषुववृत्ताच्या बाजूने दाटून आत सरकतो आणि ताऱ्याचा प्रकाश, जिथे वायू विरळ आहे अशा दोन्ही ध्रुवांच्या दिशांनी बाहेर निसटतो. योर्क आणि सोनहाल्टर यांनी २००२ मध्ये संगणकीय प्रतिकृतींतून हे दाखवले. ताऱ्याजवळून ध्रुवांच्या दिशेने उसळणारे वायूचे झोत या वाटा आणखी मोकळ्या करतात. २००९ मध्ये क्रुमहोल्ट्झ आणि सहकाऱ्यांनी त्रिमितीय प्रतिकृतीत असेही दाखवले की प्रकाशाने फुगवलेल्या पोकळ्यांच्या भिंती अस्थिर होऊन त्यांतून वायूच्या जड धारा खाली, ताऱ्याकडे, उतरतात. या धारांचे महत्त्व किती आणि चकतीचे किती, यावर मात्र तज्ज्ञांत मतभेद आहेत.

पतंजलीच्या योगसूत्रांत चौथ्या पादाच्या तिसऱ्या सूत्रात यासाठी जणू तयारच ठेवलेला एक दृष्टान्त आहे. निमित्त कारण प्रकृतीला ढकलत नाही, ते केवळ आवरण फोडते, शेतकऱ्यासारखे. व्यासभाष्य याचा अर्थ असा सांगते की वरच्या वाफ्यातील पाणी खालच्या वाफ्यात नेताना शेतकरी ते हाताने वाहून नेत नाही, बांध फोडतो आणि पाणी आपले आपण उतरते. वेल्हे आणि भोर परिसरातील उतारांवर आषाढात हे दृश्य बघायला मिळते: भाताची खाचरे पायऱ्यांसारखी एकाखाली एक असतात, वरचे खाचर तुडुंब भरले की फावड्याचे दोन घाव घालून बांधाला तोंड पाडले जाते, गढूळ पाणी क्षणभर अडखळते, फुटलेल्या कडेची माती ओढून नेते आणि मग खालच्या खाचरात संथ पसरते, काम झाले की चिखलाचा एक पेंड लावून ते तोंड पुन्हा बुजवतात. महाताऱ्यात वायूला आत यायचेच आहे, त्याला कोणी ढकलण्याची गरज नाही, आणि प्रकाशाला ध्रुवांकडे तोंड मिळाले की दाबाचा बांध निकामी होतो. दृष्टान्त इतका चपखल आहे की त्याच्या मोहात पडण्याचा धोका आहे. शेतकरी पाण्याहून वेगळा असतो. मेघात बांध, पाणी आणि फावडे ही तिन्ही एकाच वायूची रूपे आहेत, आणि जे फिरणे आधी अडसर होते तेच नंतर वाट करून देते. कारण आणि प्रतिबंधक यांची दर्शनांनी केलेली वाटणी येथे टिकत नाही, असेच म्हणावे लागते.

मूळ वादाचा प्रश्न, म्हणजे तारा मेघात आधीपासून होता का, हा आधुनिक खगोलशास्त्रात वेगळ्या वेषात उभा आहे, आणि तो मांडणाऱ्यांपैकी कोणाला सांख्यांची आठवण होण्याचे कारण नाही. मॅकी आणि टॅन यांनी २००३ मध्ये मांडलेल्या मतानुसार महाताऱ्याचे वस्तुमान त्याच्या खळबळत्या, दाट गाभ्यातच सामावलेले असते. गाभा जड म्हणून तारा जड. बोनेल आणि सहकाऱ्यांच्या मतानुसार सुरुवातीचे गाभे सगळे लहानच असतात, पण जे बीज ताऱ्यांच्या समूहाच्या मध्यभागी, जिथे वायूचा ओघ सर्वाधिक, तिथे सापडते ते शेजाऱ्यांशी स्पर्धा करून भोवतालचा वायू ओढत जाते आणि महातारा होते. पहिले मत सत्कार्यवादाच्या जवळचे, दुसरे असत्कार्यवादाच्या. तारे जन्मण्याच्या जागा धुळीने झाकलेल्या असल्यामुळे साध्या प्रकाशात त्या दिसत नाहीत, म्हणून निवाडा अवरक्त आणि रेडिओ तरंगांवर सोपवावा लागतो. टाटा मूलभूत संशोधन संस्थेने हैदराबादहून बलूनद्वारे उंच पाठवलेल्या एक मीटरच्या दुर्बिणीने अशा प्रदेशांतील उष्ण धूळ न्याहाळली, आणि पुणे जिल्ह्यातच नारायणगावजवळ खोडद येथे असलेल्या, प्रत्येकी ४५ मीटर व्यासाच्या ३० अँटेनांच्या जीएमआरटी या दुर्बिणीने नवजात महाताऱ्यांनी आयनीभूत केलेल्या वायूच्या गोलांचे रेडिओ नकाशे काढले आहेत. आजवरच्या निरीक्षणांचा कल पाहता जड, पण अजून तारा न झालेले गाभे फार क्वचित सापडतात, आणि अनेक ठिकाणी वायूचे लांब तंतू ओढ्यांसारखे एका केंद्राकडे वाहताना दिसतात. म्हणजे ताऱ्याच्या वस्तुमानापुरता तरी नैयायिकांचा पक्ष वरचढ ठरतो: जे वजन ताऱ्याला येते ते त्याच्या बीजात नव्हते.

तोरण्याखालच्या खोऱ्याला कानद खोरे म्हणतात आणि वैशेषिक दर्शनाचे प्रवर्तक कणाद होत, यावरून कोणी संबंध जोडू नये. हे साम्य कानापुरतेच आहे. त्याच न्यायाने, प्राचीनांना ताऱ्यांचा जन्म ठाऊक होता असे म्हणणेही व्यर्थ होय. त्यांना वायूचे मेघ ठाऊक नव्हते. त्यांनी कारण या शब्दाचे जे बारीक तुकडे केले, ते मात्र या मेघांपाशी आणून तपासता येतात, आणि तपासताना कोणता तुकडा टिकतो व कोणता मोडतो हे कळते.

मृगातील तेजोमेघाच्या मागे, धुळीच्या आड, रेडिओ तरंगांत दिसणारा एक महातारा अजून घडतो आहे. त्याचे वस्तुमान सूर्याच्या सुमारे पंधरापट असून त्याच्याभोवती चकती आहे. चिलीतील अल्मा दुर्बिणीच्या निरीक्षणांतून २०१९ मध्ये या चकतीत सोडियम क्लोराइडची, म्हणजे साध्या मिठाची, वाफ असल्याचे जाहीर झाले. छांदोग्य उपनिषदाच्या सहाव्या अध्यायात उद्दालक श्वेतकेतूला रात्री पाण्यात मीठ टाकायला सांगतो आणि सकाळी दिसत नसलेले ते मीठ वरून, मधून, तळातून चाखून ओळखायला लावतो. याच अध्यायात काही पाने आधी त्याने असतापासून सत् कसे होईल असे विचारलेले आहे. चकतीतील मीठ आधी धुळीच्या कणांमध्ये असावे आणि ताऱ्याच्या उष्णतेने ते मोकळे झाले असावे, आणि त्यातील सोडियम मुख्यतः त्याआधी जगून संपलेल्या महाताऱ्यांच्या पोटात तयार झालेले आहे. मिठाबाबत उद्दालक बरोबर आहे. ज्या ताऱ्याभोवती ते फिरते आहे त्याच्या वजनाबाबत तसे म्हणता येत नाही.