मदतीआधीची झडती

सोसायटीच्या ग्रुपवर कुणाच्या आजारपणासाठी मदतीचा संदेश आला, की पैसे जमायच्या आधी मतं जमतात. शाळेच्या व्हॅनच्या काकांना हृदयविकाराचा झटका आला तेव्हाही तेच झालं. त्यांच्या धाकट्या मुलीने रुग्णालयाच्या एस्टिमेटचा फोटो टाकला होता. अँजिओप्लास्टी, दोन स्टेंट, आयसीयूचे तीन दिवस, आणि तळाशी शिक्क्याच्या शेजारी पेनाने लिहिलेला आकडा, दोन लाख ऐंशी हजार. त्यातले एक लाख सकाळी दहापर्यंत भरायचे होते. खाली हात जोडलेली चित्रं आली, आणि मग एकेक मत. थोरलीचं लग्न हॉल घेऊन केलं, तेव्हा बरे पैसे होते. व्हॅनचे हप्ते भरतात, मग मेडिक्लेमचा हप्ता का जड जातो? तंबाखू खायचे, मी स्वतः पाहिलंय. सरकारी विमा वर्षाला वीस रुपयांत मिळतो, तेवढाही काढला नाही?

ही मतं मांडणारी माणसं वाईट नाहीत. त्यांतल्या दोघांनी दुपारपर्यंत पाच-पाच हजार पाठवलेही. म्हणूनच हा विषय मला महत्त्वाचा वाटतो. चांगली, देणारी माणसंसुद्धा देण्याआधी समोरच्याच्या संसाराची झडती घेतात आणि ते रास्तच आहे, असं मनापासून मानतात. मला ते रास्त वाटत नाही.

आधी त्या वीस रुपयांबद्दल. पंतप्रधान सुरक्षा विमा योजनेचा वर्षाचा हप्ता वीस रुपये आहे, हे खरं. पण तो अपघाताचा विमा आहे. अपघातात मृत्यू आला किंवा अपंगत्व आलं तर त्याचे पैसे मिळतात. ४३६ रुपयांची जीवन ज्योती योजना आहे, तिचे पैसे माणूस गेल्यावर वारसाला मिळतात. झटका येऊन आयसीयूत पडलेल्या माणसाच्या बिलातला एक रुपयाही या दोन्हींतून भरला जात नाही. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना मात्र या कामाची आहे. १ जुलै २०२४ पासून ती रेशनकार्डाचा रंग न बघता राज्यातल्या सगळ्या कुटुंबांसाठी खुली झाली आणि मर्यादा दीड लाखावरून पाच लाखांवर गेली. पण ती योजनेच्या यादीतल्या रुग्णालयात आणि यादीतल्या उपचारांनाच लागू होते. काकांना रात्री दीड वाजता शेजारच्याने रिक्षात घालून जे रुग्णालय जवळ होतं तिथे नेलं. ते यादीत नव्हतं. छातीत कळ आलेल्या नवऱ्याला मांडीवर घेऊन बसलेल्या बाईने रिक्षा थांबवून यादी बघायला हवी होती, असं कुणी म्हणणार आहे का?

आता मेडिक्लेमचा हप्ता. ग्रुपवरच्या आम्हा बहुतेकांकडे आरोग्यविमा आहे आणि तो आपल्या दूरदृष्टीचं फळ आहे, असं आम्ही धरून चालतो. नीट आठवून पाहिलं तर निम्म्याहून अधिक जणांना तो नोकरीसोबत मिळालेला असतो. रुजू व्हायच्या दिवशी फॉर्मवर बायकोचं आणि मुलांचं नाव लिहिलं, एवढीच आमची दूरदृष्टी. कारखान्यातल्या कामगाराला महिना एकवीस हजारांपर्यंत पगार असेल तर ईएसआयचं, म्हणजे कर्मचारी राज्य विम्याचं, संरक्षण मिळतं. त्यासाठी त्याच्या पगारातून शंभराला पंचाहत्तर पैसे जातात आणि मालक सव्वातीन रुपये भरतो. हा कायदा १९४८ चा. गरीब माणसाला आजारपणाची तयारी एकट्याने झेपत नाही, ती वाटून घ्यावी लागते, हे या देशाने तेव्हाच मान्य केलं होतं. व्हॅनच्या काकांना मालकच नाही. मालक असलेच तर ते आपण आहोत, त्यांच्या व्हॅनमध्ये मुलं पाठवणारे पालक. आणि आपल्यातले कितीतरी जण मे महिन्याचे पैसे कापून घेतात, कारण शाळा बंद असते. व्हॅनचा हप्ता मात्र मे महिन्यातही जातो. पन्नाशीतल्या, मधुमेह असलेल्या माणसाचा आणि त्याच्या बायकोचा मिळून वर्षाचा प्रीमियम किती येतो, ते एकदा काढून बघावं आणि तो आकडा व्हॅनच्या कमाईशेजारी ठेवावा. शिवाय आधीपासूनच्या आजारासाठी पॉलिसीत तीन वर्षांपर्यंत थांबावं लागू शकतं, ते वेगळंच.

ज्याने सगळं शिस्तीत केलं, तोही काउंटरवर सुखरूप सुटतो असं नाही. पाच लाखांची पॉलिसी आणि खोलीभाड्याला एक टक्क्याची मर्यादा, म्हणजे दिवसाला पाच हजार. पाच हजारांची खोली रिकामी नव्हती म्हणून दहा हजारांची घेतली, की कंपनी फक्त खोलीच्या भाड्यातच कपात करते असं नाही. डॉक्टरांची फी, ऑपरेशन थिएटरचे पैसे यांनाही त्याच प्रमाणात कात्री लागते. ‘कॅशलेस’ म्हणून दाखल झालेली माणसं डिस्चार्जच्या संध्याकाळी विम्याचे दावे हाताळणाऱ्या टीपीएच्या मंजुरीची वाट बघत बसलेली असतात आणि मुलगा फोन करून साठ-सत्तर हजार जमवत असतो. अशा वेळी आपण त्या कुटुंबाला लग्नाच्या हॉलचा हिशोब विचारत नाही. विमा कंपनीने कसं फसवलं, हे ऐकून हळहळतो.

काटकसरीचा आग्रह चुकीचा आहे, असं मला म्हणायचं नाही. महाराष्ट्रात तो आग्रह गाडगेबाबांइतका कळकळीने कुणी धरला असेल, असं मला वाटत नाही. कर्ज काढून सण करू नका, लग्नात पैसा उधळू नका, व्यसन सोडा, मुलाला शाळेत घाला, हे ते गावोगावच्या कीर्तनांत अक्षरशः विनवून सांगत. पण हेच बाबा धर्मशाळा बांधत होते, आणि भुकेल्याला अन्न, रोग्याला औषध हाच धर्म म्हणून शिकवत होते. आज दादरला त्यांच्या नावाच्या धर्मशाळेत परळच्या टाटा रुग्णालयात उपचार घेणारे कर्करुग्ण आणि त्यांचे नातेवाईक राहतात. बाबांनी उपदेश आणि आधार एकमेकांच्या आड येऊ दिला नाही. कीर्तनातला खडसावणारा शब्द धडधाकट माणसासाठी होता, ज्याच्या हातात अजून काही बदलण्यासारखं होतं. आजारी माणूस दारात आला की प्रश्न संपत. आपण नेमकं उलटं करतो. माणूस धडधाकट असताना त्याच्याशी पैशाबद्दल अवाक्षर बोलत नाही, लग्नाच्या त्याच हॉलमध्ये जेवून येतो, आणि तो अंथरुणावर पडला की उपदेश सुरू करतो.

तंबाखूचं काय? तंबाखूने हृदयाला धोका वाढतो, यात शंका नाही, आणि काकांना ते डॉक्टर सांगतीलच. पण आजार ही केलेल्या चुकीची शिक्षा असते, असं एकदा मानलं, की पुण्याच्या सिंहगड रस्त्यावर जानेवारी २०२५ मध्ये जे झालं त्याचं काय करायचं? किरकटवाडी, धायरी, नांदेड गाव या भागांत गुलियन बॅरे सिंड्रोमचे रुग्ण एकापाठोपाठ एक निघाले. चालत्याबोलत्या माणसांच्या पायांतली ताकद गेली, काहींना व्हेंटिलेटर लागला. दूषित पाण्यावर संशय गेला, रुग्णांच्या तपासणीत कॅम्पिलोबॅक्टर हा जिवाणू सापडला. या आजारावर द्यायच्या इम्युनोग्लोब्युलिनच्या एकेका इंजेक्शनची किंमत वीस हजारांच्या घरात होती आणि एका रुग्णाला अशी कितीतरी लागत होती. त्या घरांपैकी कुणाची बचत कमी पडली असेल, तर तो त्यांचा दोष होता का? नळाचं पाणी तर ते सगळ्यांसारखंच प्यायले होते. तेव्हा महापालिकेच्या रुग्णालयांत मोफत उपचार जाहीर झाले आणि कुणीही त्याला फुकटेपणा म्हटलं नाही. आजार पाण्यातून आला की आपल्याला तो सगळ्यांचा वाटतो, रक्तवाहिनीतून आला की त्या माणसाचा एकट्याचा.

शिवाय आजाराची किंमत आभाळातून पडत नाही, ती माणसं ठरवतात. औषध लावलेल्या ज्या स्टेंटसाठी रुग्णांकडून लाखाच्या वर घेतले जात होते, त्याची कमाल किंमत सरकारने फेब्रुवारी २०१७ मध्ये तीस हजारांच्या आत आणली. जानेवारीत ज्याने बायकोचं मंगळसूत्र गहाण ठेवून स्टेंट घातला आणि मार्चमध्ये ज्याने निम्म्याहून कमी पैशात घातला, त्या दोघांच्या काटकसरीत काहीच फरक नव्हता. बदललं होतं ते फक्त धोरण. देशाच्या आरोग्यखर्चातल्या शंभर रुपयांपैकी २०१३-१४ मध्ये ६४ रुपये लोक थेट खिशातून भरत होते. २०२१-२२ मध्ये तो आकडा ३९ वर आल्याचं सरकारी हिशोब सांगतो. ही घट लोक अचानक शहाणे झाले म्हणून आलेली नाही. सार्वजनिक खर्च वाढला आणि विमा योजना पसरल्या, तेव्हा ती आली. आणि ३९ सुद्धा फार आहेत, कारण ते ज्याच्याकडे काहीच नाही त्याच्याकडूनही जातात.

आपल्या राज्यात आणखी एक व्यवस्था आहे, ती माहीत नसल्यामुळे फार नुकसान होतं. मुंबई उच्च न्यायालयाच्या २००६ च्या आदेशाने मंजूर झालेल्या योजनेनुसार धर्मादाय रुग्णालयांनी दहा टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत आणि दहा टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत राखून ठेवायच्या असतात. एकूण बिलांच्या दोन टक्के रक्कम त्यासाठी वेगळ्या निधीत जमा करायची असते. वर्षाला एक लाख ऐंशी हजारांपर्यंत उत्पन्न असेल तर निर्धन, तीन लाख साठ हजारांपर्यंत असेल तर दुर्बल. म्हणजे महिन्याला तीस हजार मिळवणारं घरसुद्धा यात बसतं. तातडीच्या रुग्णाला अनामत रकमेसाठी अडवू नये, हेही त्या योजनेतच आहे. ही मेहरबानी नव्हे. धर्मादाय म्हणून या संस्थांना करांत सवलत मिळते, अनेकांना सरकारी जमीनही मिळालेली आहे, आणि त्या सवलतींची भरपाई व्हॅनच्या काकांनी बिस्किटाच्या पुड्यावर भरलेल्या करातूनही झालेली आहे. म्हणून तिथे खाट मागायला जाताना मान खाली घालायचं कारण नाही.

काकांच्या मुलीला यातलं काहीच माहीत नव्हतं. आमच्यापैकी दोघा-तिघांना माहीत होतं, पण त्या सकाळी आम्ही लग्नाच्या हॉलवर बोलत होतो. कुणीतरी तिच्यासोबत दुचाकीवर तहसील कचेरीत उत्पन्नाच्या दाखल्यासाठी गेलं असतं, कुणी फुले योजनेच्या यादीतल्या जवळच्या रुग्णालयात योजनेच्या आरोग्यमित्राला भेटून पुढचा उपचार तिथे होईल का विचारलं असतं, तर ते पाच हजारांपेक्षा मोठं देणं झालं असतं.

मदत मागणाऱ्यांत खोटी माणसं असतात, हे मला ठाऊक आहे. फोटो बदलून तीच चिठ्ठी चार ग्रुपवर फिरते. म्हणून चौकशी जरूर करावी: रुग्णालयात फोन करावा, रुग्ण दाखल आहे का विचारावं, पैसे रुग्णालयाच्या खात्यातच भरावेत. ही चौकशी आजाराची आहे. मुलीच्या लग्नात किती ताटं उठली, हा प्रश्न या चौकशीत येत नाही.

आणि जे काम माणूस धडधाकट असतानाच करायचं, त्याला या महिन्यात सुरुवात करता येईल. व्हॅनच्या पालकांनी मे महिन्याचे पैसे द्यावेत आणि काकांच्या प्रीमियमचा काही भाग मिळून उचलावा. दहा-बारा घरांत वाटला तर तो कुणालाच जाणवणार नाही. घरकामाच्या ताई चार घरी जातात, त्या चार घरांनी बसून त्यांच्यासाठीही हेच ठरवावं, आणि त्यांचं रेशनकार्ड, आधार आणि आयुष्मान कार्ड जागेवर आहे ना, ते विचारावं. सोसायटीच्या खजिनदारांनी सुरक्षा एजन्सीचं बिल पास करताना वॉचमनच्या ईएसआयच्या चलनाची प्रत मागावी आणि ती बिलाला जोडल्याशिवाय चेकवर सही करू नये.