कंपाउंडची उंची आणि मालकीची हद्द

लातूर असो की नांदेड, प्लॉट घेतला की घराच्या आधी कंपाउंड उभं राहतं. ते किती उंच असावं हा अभियंत्याचा प्रश्न वाटतो, पण मुळात तो धर्माचा आहे: माझ्या जमिनीवरचा माझा हक्क कुठे संपतो? २०२० साली राज्याने मंजूर केलेल्या एकत्रिकृत विकास नियंत्रण नियमावलीने याचं उत्तर मीटरमध्ये दिलं आहे. समोरची भिंत रस्त्याच्या मध्यरेषेच्या पातळीपासून दीड मीटर, २.४ मीटरपर्यंत न्यायची तर वरचा भाग जाळीचा, आरपार दिसणारा हवा. कोपऱ्याच्या प्लॉटला चौकालगतच्या १० मीटरमध्ये भरीव बांधकाम फक्त पाऊण मीटर. खरेदीखत माझं, विटा माझ्या, तरी वळणावरून येणाऱ्या अनोळखी माणसाची नजर अडवायचा अधिकार मला नाही.

ही सरकारी लुडबूड आहे, असं कोणी म्हणेल. पण मालकी एकट्या मालकाच्या सांगण्यावर उभी नसते, हे आपली परंपरा फार आधीपासून जाणते. याज्ञवल्क्यस्मृतीत सीमावादाचं स्वतंत्र प्रकरण आहे, आणि तिच्यावरची मिताक्षरा ही टीका विज्ञानेश्वराने निलंग्यापलीकडच्या कल्याणीत, आजच्या बसवकल्याणात, सहाव्या विक्रमादित्य चालुक्याच्या काळात लिहिली. शेताची हद्द ठरवायला ही स्मृती कोणाला बोलावते? आजूबाजूच्या रानांचे लोक, गावातली म्हातारी माणसं, गुराखी, बांधालगत कसणारे, रानावनात फिरणारे. यातल्या गुराख्याच्या नावावर गुंठाभरही जमीन नसेल, तरी तुमची जमीन कुठवर हे तो सांगणार. ज्यांच्या साक्षीने माझी हद्द ठरली, त्यांचं काही देणं त्या हद्दीवर राहतंच. नियमावली त्याही पुढे जाते: साक्षीला कधीच न येणाऱ्या वाटसरूचं देणंही ती मोजते.

चोरीची भीती खरी, बायकांना अंगणात मोकळेपण हवं हेही खरं. पण आडोसा उंचीपेक्षा अंतराने जास्त मिळतो, आणि घराभोवती सामासिक अंतर, म्हणजे हद्दीपर्यंतची मोकळी जागा, सोडायला हीच नियमावली सांगते. (ते अंतर जिन्याने आणि शेडने खाऊन टाकायचं, मग उंच भिंत मागायची, ही आपली रीत.) जाड भिंत म्हणजे सुरक्षितता, या समजुतीची किंमत किल्लारी परिसराने ३० सप्टेंबर १९९३च्या पहाटेच्या भूकंपात मोजली. दगडमातीच्या रुंद भिंतींनी आत झोपलेल्यांनाच गाडलं. त्या भिंती घरांच्या होत्या, कुंपणाच्या नव्हत्या, हे मान्य. त्यांच्यावरचा भरवसा मात्र याच जातीचा होता.

वास्तुशास्त्राचा आक्षेप अधिक अवघड, कारण तो श्रद्धेतून येतो. दक्षिण-पश्चिमेची भिंत उंच नि जड, उत्तर-पूर्वेची ठेंगणी, असं सांगितलं जातं. नियम कमाल उंची ठरवतो, किमान नाही; उत्तर-पूर्व हवी तेवढी खाली आणता येते आणि श्रद्धेला धक्का लागत नाही. खरी अडचण उरते ती दक्षिण-पश्चिम कोपऱ्यावरच चौक आला तर. तिथे मालकाच्या मनाची शांतता आणि सायकल वळवणाऱ्या पोराचा जीव समोरासमोर येतात. अशा वेळी पाऊण मीटरच्याच बाजूने कौल द्यावा लागेल. दोषावरची शांती तर वास्तुशास्त्र मानणाऱ्यांच्या रीतीतच आहे.