ठेवणीतली गाडी

कॉमर्सच्या पदवीने मला बँकेतली नोकरी दिली आणि 'घसारा' या शब्दाबद्दल आयुष्यभर पुरेल एवढा आदर दिला. वस्तू वापरली की झिजते, हे कुणालाही कळतं. पण ती नुसती ठेवली तरी झिजते, हे ज्याने प्रथम ओळखलं आणि त्यासाठी वहीत वेगळा रकाना पाडला, तो माणूस हिशेबनीस नसून कुणी ऋषी असला पाहिजे. आयकराच्या तक्त्यात साध्या मोटारगाडीला दरसाल १५ टक्के घसारा आहे, तोही उरलेल्या किमतीवर. म्हणजे १ लाखाची गाडी पहिल्या वर्षअखेर ८५,००० ची, दुसऱ्या वर्षअखेर ७२,२५० ची, आणि पुढे अशीच उतरती कळा. गंमत म्हणजे या पद्धतीने किंमत कधी शून्यावर येतच नाही. गाडी भंगारात जाते, मालक देवाघरी जातो, तरी वहीत चार पैसे शिल्लक राहतातच. आत्मा अमर आहे हे मला पटलं ते या रकान्यामुळे.

तेव्हा जुनी गाडी वर्षागणिक महाग होत जाते असं कुणी सांगितलं, तर माझी पहिली प्रतिक्रिया त्याची सही पुन्हा एकदा ताडून पाहण्याची असते. पण गोष्ट खरी आहे. इटलीतल्या फेरारी कंपनीने १९६२ ते १९६४ या काळात '२५० जीटीओ' नावाच्या शर्यतीच्या ३६ गाड्या केल्या. अमेरिकेत नवी गाडी १८,००० डॉलरच्या आसपास पडे. शर्यतीची गाडी कालच्या वर्तमानपत्रासारखी शिळी होते, तशा याही झाल्या. त्यातली एक मालकाने टेक्सासमधल्या एका हायस्कूलला देऊन टाकली, पोरांनी तिच्यावर इंजिन खोलायला-जोडायला शिकावं म्हणून. १९७२ साली शाळेने ती ६,५०० डॉलरला विकली. घेणाऱ्याने ती ट्रेलरवर चढवून ओहायोतल्या एका शेतात वर्षानुवर्षं उघड्यावर ठेवून दिली. तिच्याच एका बहिणीला २०१८ साली कॅलिफोर्नियातल्या लिलावात ४ कोटी ८४ लाख डॉलर आले. आमच्या शाळेनेही एकदा जुने बाक विकले होते. हे वाचल्यापासून मला त्या बाकांची काळजी लागून राहिली आहे.

अर्थात ही झाली राजेमहाराजांची प्रकरणं. कोटींच्या पुढचे आकडे वाचताना मला काहीच वाटत नाही. दिवसभर तेच तर करतो, फक्त ते दुसऱ्याचे असतात. मला कोड्यात टाकलं ते मध्यमवर्गीय गाड्यांनी. फोर्ड कंपनीची 'एस्कॉर्ट आरएस टर्बो' ही १९८५ सालची गाडी घ्या. इंग्लंडात ती गल्लीतल्या हौशी पोरांची गाडी. प्रिन्सेस डायनाकडेही एक होती. त्या पहिल्या मालिकेतल्या गाड्या पांढऱ्या असत. हिची तेवढी काळी करून घेतली, रस्त्यात लोकांच्या नजरेत भरू नये म्हणून. ती २०२२ साली साडेसहा लाख पौंडांना गेली. आता ती राजघराण्याची, म्हणून सोडून देऊ. पण बिनराणीच्या एस्कॉर्टसुद्धा आज चढ्या भावाने विकल्या जातात, त्याला काय म्हणाल?

कारणं शोधायला फार लांब जावं लागत नाही. पंधराव्या वर्षी जी गाडी भिंतीवर चिकटवलेली असते, ती पंचेचाळिसाव्या वर्षी दाराशी असावी असं पुरुषाला वाटतं. (बायकांना असं काही वाटत नाही. पंधराव्या वर्षी भिंतीवर असलेला नट पंचेचाळिसाव्या वर्षी दाराशी यावा, असं माझ्या माहितीतली एकही बाई म्हणत नाही.) त्यात २००८ नंतर परदेशी बँकांनी ठेवींवरचं व्याज जवळजवळ पुसूनच टाकलं. पैसा मुदत ठेवीतून उठला आणि गॅरेजात जाऊन बसला. शिवाय इंग्लंडात मोटारगाडी ही झिजून नाहीशी होणारी वस्तू मानतात, म्हणून तिच्यावरच्या नफ्याला भांडवली कर नाही. म्हणजे ती झिजत नाही म्हणून नफा, आणि ती झिजते म्हणून नफ्यावर कर नाही. असा कायदा करायला शेक्सपिअरचाच देश पाहिजे.

हे सगळं मी परदेशच्या बातम्या म्हणून वाचत असे. पण ताईचा मुलगा सिअ‍ॅटलला असतो, आणि त्याने २०१५ साली एक जुनी जपानी गाडी घेतली. निस्सान कंपनीची 'स्कायलाइन जीटी-आर', १९८९ च्या मॉडेलची. पुण्यात असताना शेजारच्या घरी प्लेस्टेशनवर तो हीच गाडी रात्री बारापर्यंत पळवायचा आणि ताई लाटणं घेऊन बोलवायला जायची. जपानात गाडी जुनी झाली की तपासण्या आणि कर जड होत जातात, त्यामुळे तिथल्या माणसाला ती काढून टाकायची घाई. अमेरिकेत बाहेरची गाडी २५ वर्षांची झाल्याशिवाय सुरक्षेच्या नियमांतून सुटत नाही, त्यामुळे तिथल्या माणसाला ती म्हातारी व्हायची घाई. (आपल्याकडे १५ वर्षांनी आरटीओत फेरनोंदणी आणि वर पर्यावरण कर, म्हणजे तिकडे जिचं लग्न ठरतं, तिला इकडे दहा वर्षं आधीच काशीला धाडतात.) त्या काळी जपानी कंपन्यांनी आपसात ठरवलं होतं, की २८० च्या वर अश्वशक्ती कागदावर दाखवायची नाही. इंजिनात त्याहून जास्त असली तरी कागदावर २८०. उत्पन्न कमी दाखवणारे मी पुष्कळ पाहिले, अश्वशक्ती कमी दाखवणारे हेच पहिले.

भाच्याला ती २० हजार डॉलरच्या आतबाहेर पडली होती. पहिली काही वर्षं त्याने ती मनसोक्त चालवली. स्टिअरिंग आपल्यासारखं उजवीकडे, त्यामुळे परदेशात पहिल्यांदाच घरच्यासारखं वाटतंय म्हणायचा. मग भाव वाढले. पन्नास हजारांवर गेले, तसा तो गंभीर झाला. एका रात्री त्याचा फोन आला.

"मामा, तू बँकेतला माणूस. मला एक सांग, चालवू की ठेवू?"

"म्हणजे?"

"अरे, मीटरवर जितके मैल जास्त, तितकी किंमत कमी. माझा हिशेब आहे, मैलामागे साधारण एक डॉलर उतरतो."

"भाजीबाजार किती लांब आहे?"

"तीन मैल."

म्हणजे कोथिंबीर आणायला गेलं तर सहा डॉलरची गाडी झिजणार. त्याने चालवणं बंद केलं. गाडीला पांढऱ्या कापडाचं आच्छादन आलं. दर रविवारी तो गॅरेजात जाऊन इंजिन पंधरा मिनिटं सुरू ठेवतो, तिच्याशेजारी खुर्ची टाकून बसतो, आणि पुन्हा बंद करतो. सूनबाई म्हणते, आजारी माणसाला भेटायला जातात तसे जातात.

हसू नका. आपल्या प्रत्येकाच्या घरात 'ठेवणीतलं' नावाचं एक खातं असतं. ठेवणीतल्या कपबश्या, ठेवणीतली चादर, ठेवणीतला परकर-पोलक्याचा खण. माझ्या आईची पैठणी याच खात्यातली. ती तिने किती वेळा नेसली, ते एका हाताच्या बोटांवर सांगता येईल. दर वेळी तिच्यापेक्षा मोठं कार्य पुढे असायचं. माझ्या मुंजीच्या वेळी ती ताईच्या लग्नासाठी राखली, ताईच्या लग्नात गर्दीत कुणी वरण सांडेल म्हणून नेसली नाही. शेवटी आई गेल्यावर ताईने ती बाहेर काढली, तर घडीघडीवर चिरलेली. रेशीम घडी न मोडता वर्षानुवर्षं ठेवलं की तिथेच तुटतं. गाडीचंही तसंच आहे. उभी ठेवली की रबरी सील सुकतात, टायर एका जागी चपटे होतात, पेट्रोल शिळं होतं. फक्त या घसाऱ्याला आयकराच्या तक्त्यात दर दिलेला नाही.

पण माझा खरा प्रश्न निराळाच आहे. लहानपणी मुंगी आणि नाकतोड्याची गोष्ट ऐकली, तिच्यावर माझा पूर्ण विश्वास होता. नाहीतर मी बँकेत कशाला आलो असतो? मुंगी साठवते, नाकतोडा गातो, हिवाळ्यात मुंगी तरते. या गाड्यांच्या बाबतीत मात्र गणित जरा अडचणीचं होतं. ती एस्कॉर्ट एवढी महाग का? तर बाकीच्या उरल्या नाहीत म्हणून. आणि त्या का उरल्या नाहीत? तर शेकडो पोरांनी त्या रात्री-अपरात्री पळवल्या, झाडांवर घातल्या, चोरांनी पळवल्या, हिवाळ्यात रस्त्यावर टाकलेल्या मिठाने गंजू दिल्या. त्यांनी मजा केली म्हणून ती गाडी नावाजली गेली, आणि त्यांनीच तिची वाट लावली म्हणून ती दुर्मिळ झाली. किंमत सगळी नाकतोड्यांनी तयार केली आणि वसूल केली ती झाकून ठेवणाऱ्या मुंगीने. सगळ्याच मुंग्या असत्या, तर प्रत्येक गॅरेजात एक एस्कॉर्ट असती आणि तिला भंगारवाल्याने वजनावर नेलं असतं. मग मुंगीचा तो नफा कष्टाचा की वारशाचा?

हे फक्त तिकडचंच आहे असं समजू नका. आपल्याकडची यामाहा आरएक्स १०० घ्या. १९८५ साली आली, १९९६ साली बंद झाली. कॉलेजच्या गेटपाशी तिचा आवाज आला की मुली मागे वळून पाहत, असं सांगणारे आज नातवंडांचे आजोबा आहेत. नीट राखलेल्या गाडीला आता लाखाच्या वर सहज मागतात. आमच्या बँकेशेजारच्या गल्लीतल्या मेकॅनिकने तीस वर्षं या गाड्यांच्या पोटात हात घालून त्या जिवंत ठेवल्या. मी त्याला विचारलं, "मग तुझ्याकडे एक असेलच?" तो म्हणाला, "होती साहेब. पोरीच्या फीसाठी विकली, बारा हजाराला." आणि पुन्हा पाना फिरवायला लागला. ज्याने जीव लावला त्याच्या हातात बारा हजार, आणि ज्याने नुसतं ताडपत्रीखाली ठेवलं त्याच्या हातात लाख. बाजारभाव म्हणून हे बरोबर आहे, हे मीच चलनावर शिक्का मारून सांगेन. न्याय म्हणून बरोबर आहे का, हे मात्र आमच्या काउंटरवर विचारू नये.

याच्या उलटही माणसं आहेत. मिस्टर बीनचं काम करणारा रोअन अ‍ॅटकिन्सन यांच्यात मोठा. मॅकलॅरेन कंपनीने १९९२ ते १९९८ या काळात 'एफ १' नावाच्या अवघ्या १०६ गाड्या केल्या, त्यातली एक त्याने १९९७ साली घेतली आणि सरळ वापरायला काढली. दोनदा ठोकली. २०११ साली तर झाडावर घातली, आणि विमा कंपनीला दुरुस्तीपोटी ९ लाख १० हजार पौंड मोजावे लागले, म्हणजे गाडीच्या मूळ किमतीहून जास्त. एवढं होऊनही त्याने २०१५ साली ती विकली, तेव्हा ८० लाख पौंडांच्या आसपास आले. बीन पडद्यावर जे करतो तेच त्याने खऱ्या आयुष्यात केलं, आणि शेवटी नफ्यात राहिला. पिंक फ्लॉइडचा ढोलकवादक निक मेसन यानेही १९७७ साली फेरारीची ती २५० जीटीओ घेतली आणि तिच्यातून पोरांना शाळेत सोडलं. आज कोटींची ती गाडी, आणि मागे कुणीतरी डबा विसरलेला!

हे भाच्याला सांगितलं, तर तो म्हणाला, "मामा, ते लोक श्रीमंत आहेत." मुद्दा खरा आहे. बेफिकीर राहायलाही शिल्लक लागते. ज्याची निम्मी बचत गॅरेजात उभी आहे, त्याला 'जा, उधळ' म्हणणं मामाला शोभत नाही. शिवाय कुणीच राखलं नसतं, तर तुम्हाआम्हाला बघायला काय उरलं असतं? संग्रहालयं मुंग्यांच्याच जिवावर चालतात.

मी मग त्याला मुंबई उच्च न्यायालयातला एक निकाल सांगितला. १९३१ सालची एक फोर्ड टूरर कुणी १९८३ साली २०,००० रुपयांना घेतली, पुढे २१ लाखांना विकली. मालकाचं म्हणणं, ही माझी वैयक्तिक वापराची वस्तू, हिच्यावर कर कसला? २०२५ साली न्यायालयाने सांगितलं, की नुसती वापरण्याजोगी असून भागत नाही, प्रत्यक्ष वापरल्याचा पुरावा पाहिजे. तो नाही, म्हणून कर भरा. भाच्यावर आपला कायदा चालत नाही, हे मला ठाऊक आहे. पण फोनवर तो बराच वेळ गप्प होता.

यंदा उन्हाळ्यात ताई सिअ‍ॅटलला गेली. तिथे पोचल्यावर तिने देवळात जायचं काढलं. घरची दुसरी गाडी सूनबाई कामावर घेऊन गेलेली. भाच्याने आच्छादन काढलं आणि आईला डावीकडे बसवून बारा मैल नेलं, बारा मैल आणलं. रात्री मी तिला फोन करून विचारलं, कशी वाटली गाडी?

"बरी आहे," ताई म्हणाली. "आवाज फार करते, आणि मला वाटतं, तो जरा जोरातच चालवतो. येताना बाजारात थांबलो. कोथिंबीर स्वस्त मिळाली."